ग्रित्ये विलेम्सचा शोध

"बरोबर चारला फाइल छापखान्याकडे जाणार," शशिकांतकाकांनी जाहीर केलं. "तोवर लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही."

"हात नाही लावला. नुसतं वाचलं," रुचिर म्हणाला. "काका, शेवटचं वाक्य फार वाईट आहे."

वाक्य असं होतं : 'आई ग्रित्ये हिने १६५५ साली मुलाला टाकून दिले असावे.'

मुलाचं नाव पीटर. नवव्या वर्षी त्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या अनाथालयातून जहाजावर चढवलं आणि अमेरिकेतल्या डच वसाहतीत पाठवून दिलं. एकट्याला. तो जगला. त्याच्या वंशातल्या लोईस आजी आता, एक्याऐंशीव्या वर्षी, घराण्याचं पुस्तक छापायला अमेरिकेहून इथे अ‍ॅमस्टरडॅमला आल्या होत्या. त्यांच्या घरच्या बायबलात ग्रित्येचं नाव शाईने खोडलेलं होतं. पुस्तकात ते खोडलेलंच ठेवायचं की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. त्यांचा जावई काकांच्या ऑफिसात होता, आणि काकांनी करंदीकरांचा कुलवृत्तांत एकट्याने तयार केला होता. म्हणून काम काकांकडे आलं.

"तिने टाकलंच कशावरून?" सुयशने विचारलं. रुचिर आणि सुयश हे भाऊ मे महिन्याच्या सुट्टीत वाखनिंगन गावाहून काकांकडे शहराच्या झुइडओस्ट भागात आले होते.

"तिच्या मृत्यूची नोंद कुठेच नाही. म्हणजे ती जिवंत होती. जिवंत आई असताना मूल अनाथालयात का जाईल?" काकांनी बूट घातले. "सहाशे पानांचा कुलवृत्तांत केलाय मी. तुम्ही कॅरम खेळा."

ते आजींना हॉटेलातून आणायला मेट्रोकडे गेले.

"सहाशे पानं," रुचिर पुटपुटला, "आणि त्यात आपल्या आजीचा फोटो दोनदा, वेगवेगळ्या नावांनी."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. कुमुदिनीकाकूंनी घेतला. "हो, मी आपटेच बोलतेय."

"काकू, तुम्ही आपटे कशा?" सुयशने विचारलं.

"जन्माच्या दाखल्यावर आपटे आहे ना. इथल्या नगरपालिकेने तेच धरलं. बारा वर्षं झाली. इथे करंदीकर म्हणून मला शोधलंत तर मी सापडायचीच नाही."

काकांची मुलगी स्वानंदी उभी राहिली. "आई, बाबांनी ग्रित्येला कोणत्या नावाने शोधलं?"

काकांच्या वहीत पानभर एकच नाव होतं : ग्रित्ये क्लास. नवऱ्याचं नाव क्लास. आपल्याकडे लग्नानंतर लागतं, तसं काकांनी लावून टाकलं होतं.

"पण ती तर विलेमची मुलगी होती! इथे तेव्हा लग्नानंतरही बापाचंच नाव लागायचं," स्वानंदी म्हणाली. "पीटरच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बघ. आई : ग्रित्ये विलेम्स."

तिने आपल्या टॅबवर शहराच्या जुन्या दफननोंदी उघडल्या आणि ते नाव टाकलं. चार ग्रित्ये निघाल्या. तीन चुकीच्या काळातल्या. चौथी ऑगस्ट १६५५ची होती, आणि ते प्लेगचं वर्ष होतं. स्वानंदीला डच येत होतं, ती हळूहळू वाचू लागली. "ग्रित्ये विलेम्स, क्लासची विधवा. मागे मुलं दोन."



"दोन?" सुयश म्हणाला. "जहाजावर तर एकच गेला."

रुचिर खालची पानं सरकवत राहिला. अकरा दिवसांनंतरच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. तीच दफनभूमी. 'ग्रित्ये विलेम्सचं मूल.' त्याने टॅब उपडा ठेवला आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

पावणेचारला काका आजींना घेऊन आले.

"बाबा, फाइल पाठवू नका."

"स्वानंदी, पाहुण्यांसमोर नाही."

"बाबा, आईला नगरपालिकेत शोधायचं तर कोणतं नाव टाकाल?"

"कुमुदिनी करंदीकर. अर्थात."

"मग मी सापडत नाही," काकू चहा ठेवत म्हणाल्या. "आणि तुम्ही लिहाल, हिने घर सोडलं असावं."

काकांनी वही पाहिली. टॅब पाहिला.  मग त्यांनी आजींना इंग्रजीत सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. 

आजींनी कप खाली ठेवला. "म्हणजे तिने त्याला टाकलं नाही."

"नाही."

"आणि त्याच्याबरोबर यायला कुणी उरलंच नव्हतं." "साडेतीनशे वर्षं आम्ही तिला शिक्षा करत होतो."

ती दफनभूमी शहरातल्या जुन्या वस्तीत होती. आज तिथे खेळाचं मैदान आहे. संध्याकाळी सगळे तिथे गेले. घसरगुंडीवर दोन मुली भांडत होत्या. कुठे एक दगडही नव्हता. आजी बाकावर बसल्या आणि त्यांनी तिघांना जवळ बोलावलं.

"मोठ्या माणसांनी वाचून सोडून दिलेलं तुम्ही नीट वाचलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या घराण्यात हे कुणी केलं नाही. मीही नाही."

"आणि मीही नाही," काका हळूच म्हणाले. "पुस्तकात शोध लावणाऱ्यांत या तिघांची नावं जातील. माझं नको."

आजींनी वही मागितली आणि स्वानंदीच्या हातात पेन दिलं. स्वानंदीने वर लिहिलं : ग्रित्ये विलेम्स. त्याखाली : पीटर. मग ती थांबली.

"दुसऱ्याचं नाव नोंदीत नाही, आजी. बाप्तिस्म्याच्या नोंदीतही शोधलं. मुलगा होता की मुलगी, तेही कळत नाही."

"मग तसंच लिही," आजी म्हणाल्या. "पण ओळ गाळू नकोस."