वाघिणीची वरात

"झाकणाला हात लावू नका!"

कुणीतरी ओरडलं आणि त्याच क्षणी माझं मनगट धरलं. घट्ट... पण दुखेल असं नाही. बॉनेटखालून वाफेचा लोट उसळत होता, पुढचा बँड अर्ध्या गाण्यात थांबला होता आणि मागच्या सीटवर नवरानवरी मुंडावळ्या सावरत एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

वाफ जराशी विरली तेव्हा तो दिसला. खाकी शर्ट, कोपरापर्यंत काळे हात, आणि या सगळ्या गोंधळात एकटाच हसणारा चेहरा.

"रेडिएटर उकळलाय. झाकण काढलं असतं तर तोंड भाजलं असतं तुमचं," तो म्हणाला. "आन् मग एवढ्या चांगल्या तोंडाचं—"

"बोला की पुढं."

"—नुकसान झालं असतं, म्हनत हुतो."

"आधी मनगट सोडा."

"आँ? व्हय व्हय..."

त्याने हात सोडला. माझ्या मनगटावर ऑइलची पाच बोटं उमटली होती. मी ती पदराने पुसली नाही. का नाही पुसली, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालचा माघ होता तो, आणि सांगलीतली दिवेलागणीची वरात. गाडी आमची. माझे वडील, सुभेदार हिंदुराव, म्हणजे आमचे आबा. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एका विलायती साहेबाची जुनी गाडी घेतली होती. लांब नाक, खाली दबलेली पाठ, आत लाल कातड्याच्या सीटा आणि बॉनेटच्या टोकावर झेप घेणारं चांदीचं जनावर. साताऱ्यात सगळे तिला वाघीण म्हणत. कुणाच्याही घरी लग्न निघालं की वरातीला वाघीण हवी, आणि आबांना 'नाही' म्हणता येत नसे. आबा गाडी चालवायचे. मी शेजारी पाण्याचे दोन डबे घेऊन बसायची, कारण अर्ध्या वाटेत ती तापायचीच.

त्या दिवशी मात्र ती पुरती थांबली. नवरीचे मामा लालासाहेब पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुभेदार, ही तिसरी वरात अडली. गाडी पांढऱ्या पायाची हाय तुमची. आन्... संगं बसलेली बी."

बँडवाल्यांनीसुद्धा मान खाली घातली.

हा शब्द मला नवा नव्हता. एकाहत्तरच्या कार्तिकात माझा साखरपुडा झाला होता, एका जवानाशी. मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही धड नाही. डिसेंबरात सरहद्दीवरून तार आली. त्यानंतर आमच्याकडे स्थळ आलं नाही. हळदीकुंकवाला मी बसले की बायका माझ्यावरून पुढे सरकायच्या. दोन वर्षांत मला स्वतःलाही तो शब्द खरा वाटायला लागला होता.

आबा स्टिअरिंगशी खांदे पाडून बसले होते. फौजी माणूस, पण मान वर होईना. बोलला तो खाकी शर्टवालाच.

"मामा, ही गाडी ताशी शंभर मैल पळायला जन्मलीया. तिला तुमी बँडच्या मागं गोगलगायीगत चालवताय. घोड्याला घाण्याला जुंपलं तर दोष घोड्याचा व्हय?"

"तू कोण रं शहाणा?"

"आकाराम. कुपवाडला गॅरेज हाय माजं." मग तो आबांकडे वळला. "आवं सुभेदारसाहेब, माज्याकडं द्या. पुण्याला लष्कराच्या वर्कशॉपात शिकलोय मी."

'लष्कर' हा शब्द कानावर पडताच आबांची पाठ ताठ झाली. "ठीक है. पण ऐक जवान, या खेपेला पण उकळली तर मी विकणार तिला. बस झालं."

नवरानवरी टांग्यात बसून गेली आणि वाघिणीला दोन बैल जोडून कुपवाडला नेलं. लोक दोन्ही बाजूंना उभे राहून हसत होते. आबा तिच्या स्टिअरिंगवर, मान वर करून, जणू संचलनात.

आबांचा कुठल्याच मिस्त्रीवर विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी मला सांगलीत आत्याकडे, शालूबाईंकडे ठेवलं आणि हुकूम दिला, "रोज ड्यूटीवर जायचं. तो काय काढतो, काय घालतो, डोळ्यात तेल घालून बघायचं."

आत्या पहिले दोन दिवस सोबत आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना शेजारच्या पापडांचं आमंत्रण आलं... आणि ते पुढे रोजच येत राहिलं. आत्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुलिंब. मी लिंबाखाली स्टुलावर बसायची. तो गाडीच्या पोटात.

"पाना द्या की जरा."

"मी पहाऱ्यावर आहे, हाताखाली नाही."

"पहारेकऱ्यानं पाना दिला तर सुभेदारसाहेब कोर्ट मार्शल करत्यात व्हय?"

मी पाना दिला. दुसऱ्या दिवशी कुठल्या नटाला कुठला पाना ते मला कळायला लागलं. चौथ्या दिवशी मी पदर खोचला.

रेडिएटर उतरवून त्याने उन्हात ठेवला आणि मला जवळ बोलावलं. "ह्यो बघा तुमचा पांढरा पाय."

आतल्या बारीक नळ्या पांढऱ्याफटक थराने बुजल्या होत्या, चुन्यासारख्या. वरातीत गाडी तापली की मी धावत जायची आणि ज्या आडाचं मिळेल त्या आडाचं खारं पाणी आणून ओतायची. वर्षानुवर्षं. तो सगळा क्षार आत साठला होता.

"म्हणजे... मीच केलं हे?"

"तुमी तिची तहान भागवली. पानी खारं हुतं, त्यात तुमचा काय दोष?"

साधंच वाक्य. पण दोन वर्षांत कुणी मला 'तुझा काय दोष' असं म्हटलं नव्हतं. मी लिंबाकडे तोंड करून उभी राहिले. त्याने पाण्याचा तांब्या माझ्या जवळ सरकवला.

मग त्याने रेडिएटरची जाळीच नवी बसवली. चार पात्यांचा पंखा काढून ट्रकचा सहा पात्यांचा घातला. पंख्याची हवा बाजूने निसटू नये म्हणून भोवती पत्र्याचं कडं हवं होतं. ते त्याने स्वतः ठोकून काढलं. तीनदा बिघडलं, चौथ्यांदा जमलं. कडं नीट बसल्यावर तो तिच्या बॉनेटवर हात फिरवायचा, आईने न्हाऊ घातलेल्या लेकरावरून फिरवावा तसा. ते बघताना मला वाटायचं, काम लवकर संपू नये... आणि संपलं नाही तर आबा गाडी विकतील, म्हणून संपावंही.

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "झालं. आता परीक्षा."

"पळवून बघायची?"

"पळंल की ती! चालवून बघायची. वरातीच्या चालीनं, एक तासभर. तुमाला चालवता येती न्हवं?"

आबांनी मला शिकवली होती. मी स्टिअरिंगवर बसले.

"आणि बँड?"

"ह्यो काय!" त्याने रिकामा ऑइलचा डबा गळ्यात अडकवला, हातात पाना घेतला आणि मिरजेच्या रस्त्यावर गाडीच्या पुढे चालायला लागला. ढाण ढाण ढाण... ताल असा की कुणाचंही लग्न मोडावं.

दुपार कलती होती. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. तो पुढे, मी मागे, मध्ये चार हातांचं अंतर. मला तापमानाच्या काट्याकडे बघायचं होतं आणि डोळे सारखे त्याच्या पाठीकडे जात होते. अर्धा तास झाला. काटा मधोमध होता, जागचा हलला नव्हता. कारखान्यातून सुटलेले कामगार सायकली थांबवून बघायला लागले. "आकाराम, कुणाची रं वरात?" "गड्या, घोडं कुटं हाय?" तो नुसता हसायचा आणि डबा बडवायचा.

बांधावरून गवताचा भारा घेऊन अंबूबाई म्हणून म्हातारी येत होती. रोज गॅरेजवरून जायची ती. थांबली आणि खिडकीत वाकली.

"आगं बया! वरात हाय व्हय ही? आन् नवरीच गाडी हाकतीया? नवरदेव कुटं बसवलाय गं?"

मला काय झालं कोण जाणे. दोन वर्षं मी मोठ्याने बोलले नव्हते. त्या क्षणी तोंडातून निघून गेलं—

"बसवला नाही मावशी. तो बघा, पुढं चालतोय. डबा वाजवत."

डबा थांबला.

मी ब्रेक दाबला. अंबूबाई पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत भाऱ्यासकट निघून गेली. आकाराम सावकाश वळला, खिडकीशी आला. कान लाल झालेले.

"काय म्हनला तुमी?"

"काटा बघा ना... वर गेलाच नाही."

"काटा ऱ्हाऊ द्या. म्हातारीला काय म्हनला?"

"ऐकलंत की."

"परत ऐकायचं हाय."

माझा सगळा धीर एकदम ओसरला. "तुम्हाला माहीत आहे ना... लोक मला काय म्हणतात ते?"

"गाडीलाबी म्हनत हुतं." त्याने डबा गळ्यातून काढून खाली ठेवला. "सगळी उघडून बघितली मी. आत क्षार निघाला. अपशकुन काय कुटं गावला न्हाई."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात...?" त्याने मान खाली घातली. "तुमच्यात काय काय हाय, त्ये बघायला सगळा जनम लागंल, विजयमाला. देताय का?"

त्याने माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. मी मान हलवली. इंजिन मंद घुरघुरत होतं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पर..." तो म्हणाला, "आईला इचारावं लागंल. माण तालुक्यातली हाय. लय कडक बाई."

मी इंजिन बंद केलं. मुलांना काय, मुलं हो म्हणतात. नाही म्हणतात त्या आया. हे मला हळदीकुंकवातल्या बायकांनी शिकवलं होतं.

आबा वाघीण घेऊन गेले. पुढच्या दोन वराती तिने पाण्याचा थेंब न मागता काढल्या, तेव्हा त्यांनी गॅरेजवर येऊन आकारामला सलाम ठोकला. पण माझं आणि आकारामचं कळलं त्या रात्री जेवले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरगा हिरा आहे. पण त्याच्या आईनं आपल्या दारात येऊन तोच शब्द काढला, तर मला नाही सोसणार, पोरी."

आठ दिवसांनी मनुबाई दहिवडीच्या एस.टी.तून एकट्याच उतरल्या. काळी, काटक बाई, कपाळ मोकळं, पायात जाड वहाणा. आमच्या सोप्यात बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आबा दाराशी उभे होते, मुठी आवळून.

"सगळं ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "लोकं काय म्हनत्यात त्ये बी ऐकलंय."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"ह्यो आकाराम पोटात हुता, तवा ह्याचा बा गेला. हिरीत दरड पडली. मला बी ह्योच शब्द लावला लोकांनी. माज्या सासूनं लावला, सख्ख्या भावानं लावला." त्या आबांकडे वळल्या. "सुभेदार, मी इचार करती. माज्या पायात एवढं बळ असतं, तर बहात्तरच्या दुष्काळात माणात पाऊस नसता पाडला मी?"

आबांच्या मुठी सुटल्या. हसू आणि रडू त्यांच्या चेहऱ्यावर एकदमच आलं.

"कुंकू आन गं," त्या मला म्हणाल्या.

मी करंडा आणला आणि शेजारच्या सवाष्णीला हाक मारायला वळले. रीतच तशी. त्यांनी माझा हात धरून मला समोर बसवलं.

"कुनाला बोलावतीस? सून माजी हाय."

बावीस वर्षांत ज्या बोटांना कुंकू लागलं नव्हतं, ती बोटं करंड्यात बुडली. त्यांनी माझ्या कपाळावर टिकली रेखली, मोठी, थोडी वाकडी. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. भेगाळलेले, मातीने भरलेले, चाळीस मैलांवरून माझ्यासाठी आलेले ते पाय... मला किती तरी वेळ सोडवेनात.