जाडीचा रकाना

दोन हजार सोळाचा एप्रिल. संभाजीनगरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, पण बीड बायपासला इमारती मात्र उगवतच होत्या. इमारत म्हटली की दारं आली, कपाटं आली, म्हणून अजिनाथचं प्लायवूडचं दुकान बरं चाललं होतं. चारा संपला तेव्हा सिल्लोडकडची मेंढरं विकून वडिलांनी त्याला हे दुकान टाकून दिलं होतं.

त्या दिवशी कडूबाच्या पाण्याच्या टँकरनं गल्ली अडवली आणि स्कूटीवरची एक मुलगी वैतागून दुकानाच्या सावलीला येऊन उभी राहिली. हातात फाईल... कपाळावर घाम... आणि नाकाच्या शेंड्यावर राग!

"हे प्लायवूड कुठून येतं हो?" तिनं एकदम विचारलं.

"टेम्पोतून," अजिनाथ म्हणाला.

ती खळखळून हसली आणि अजिनाथचं काम तमाम झालं.

ती मनस्विनी. अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. भारत आणि नेपाळ या दोन शेजाऱ्यांनी दहा वर्षांत किती प्लायवूड आयात केलं, याची तुलना हा तिचा प्रकल्प. तिनं मोठ्या अभिमानानं आलेख उलगडला. नेपाळची रेघ आभाळाला टेकलेली, भारताची जमिनीवर लोळत पडलेली!

अजिनाथला चूक लगेच कळली. नेपाळचे आकडे चौरस मीटरमध्ये होते, भारताचे घनमीटरमध्ये. जाडी धरायचीच राहिली होती. पण सांगितलं असतं तर बाईसाहेब थँक्यू म्हणून निघून गेल्या असत्या.

"उद्या या," तो म्हणाला. "प्लायमधलं समदं समजावून सांगतो."

ती आली. मग रोजच येऊ लागली. बोटाच्या पेरानं एकदा नाही, चार-चारदा ठोकून शीट आतून पोकळ आहे की भरीव, हे त्यानं तिला शिकवलं. ती दुकानभर टकटक करत फिरायची आणि हा गिऱ्हाइकाला खिळ्यांच्या जागी बिजागऱ्या द्यायचा.

पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या सगळ्या विभागासमोर प्रकल्प वाचायचाय. आता... यायला काही कारण उरलं नाही."

अजिनाथला पेच पडला. गप्प राहिलं तर उद्या हिचं हसं होणार. बोललं तर आजच सगळं संपणार.

"मॅडम," तो म्हणाला, "नेपाळच्या आकड्यात जाडीच नाय."

"म्हणजे?"

"नुसतं सपाट माप हाय त्ये. जाडीनं गुणा, मग घनमीटर व्हतंय. नेपाळ लई खाली येतंय बघा."

तिनं कॅल्क्युलेटर दाबला. नेपाळ धाडकन आपटला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी... तुम्ही परत यावं म्हणून—"

फाईल फाटकन मिटली. स्कूटी गेली.

चार दिवस अजिनाथनं रस्त्याकडे बघण्यापलीकडे काही केलं नाही. पाचव्या दिवशी टँकर आला आणि मागोमाग ती!

"सगळे आकडे नव्यानं मांडले," ती म्हणाली. "सरांनी कौतुक केलं. जाडी कुणाला सुचली, विचारत होते."

"मग?"

"म्हटलं, आहे एक लबाड."

ती जवळ आली. त्याच्या शर्टाच्या खिशावर तिनं पेरानं हळूच ठोकलं — टक् टक्. मान तिरकी करून ऐकलं.

"पोकळ नाय ना?" त्यानं घाबरत विचारलं.

"भरीव आहे. पण एकदा ठोकून खात्री होत नाही, असं तुम्हीच शिकवलंय... रोज यावं लागेल."

अजिनाथ एक पाऊल पुढं आला. "अजून एक लपवलंय, मॅडम. मला तुम्ही लई आवडता. त्ये बी पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

"ते कुठं लपलं होतं?" मनस्विनी लाजून हसली. "टँकरवाल्या कडूबांनासुद्धा माहीत होतं!"