शेपटाकडचा आवाज

कोपरा आला की उतरायचं आणि चालत गाडीच्या शेपटापर्यंत जाऊन बघायचं. हातात वॉकीटॉकीचा सेट असला तरी. बंदरावरचे जुने ट्रेलरवाले अजून असंच करतात आणि तुम्ही पोरं त्यांना हसता. मघाशी तूच म्हणालास ना, की म्हाताऱ्यांना पाय मोकळे करायची फार हौस? हसा बापडे. गेट काही सकाळपर्यंत उघडत नाही. तो मोबाईल खिशात टाक आणि जरा जवळ सरक, मला ओरडून सांगायची गोष्ट नाही ही.

माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. सगळे त्याला मुंगी म्हणायचे. एक तर ओझं ओढायचा आपल्यापेक्षा कितीतरी पटीने मोठं, आणि दुसरं म्हणजे चाल मुंगीची. बोटीतून उतरलेले लांबलचक लोखंडी गर्डर उचलायचे आणि कुठे पूल, कुठे कारखाना उभा राहत असेल तिथे नेऊन टाकायचे, हेच त्याने जन्मभर केलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं ह्याचं चाकांवर. बायको लवकर गेली. एकच मुलगी, तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. आणि त्या पोरीने लग्न कोणाशी करावं? ह्याच्याच ट्रेलरवरच्या मागच्या माणसाशी.

मागचा माणूस म्हणजे काय ते हा नवीन आलाय त्याच्यासाठी सांगतो. लांब मालाची गाडी एकट्याने वळत नाही. पुढे इंजिन, तिथे ड्रायव्हर. गर्डरचं मागचं टोक वेगळ्या चाकांवर टेकलेलं, आणि त्या चाकांना त्यांचं वेगळं स्टिअरिंग. गर्डरच्या पोटाखाली एक लोखंडी खुर्ची असते, तिच्यावर बसून एकजण ते फिरवतो. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढचा दिसत नाही. मधे सगळं लोखंड. जे काय बोलायचं ते सेटवर.

तर पुढे सासरा आणि मागे जावई, अशी ती गाडी. जावई म्हणजे दशमग्रह, पण मुंगीने तो साखळदंडाने मागे बांधून घेतलाय, अशी यार्डात चेष्टा चालायची. मुंगी हसायचा. खरं तर जीव होता त्याचा पोरावर. पोरगा होताच तसा, तोंडाळ आणि आनंदी. सेटवर त्याची टकळी सारखी चालू. "येऊ द्या मामा, येऊ द्या, मागे सगळं मोकळं आहे, फक्त माझं पोट मोकळं आहे ते बघा जरा." मुंगी वैतागल्यासारखं करायचा, पण ती बडबड थांबली की त्यालाच करमायचं नाही.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार होता. गुरुवार सरून शुक्रवार लागला ती रात्र. माल एकच, पुलाचा गर्डर, लाल प्रायमर मारलेला. नेहमीचा रस्ता. गाव ओलांडून पलीकडे नदीवर काम चाललं होतं, तिथे तो टेकवायचा आणि सकाळी दोघांनी घरी यायचं. जावयाचं घर त्याच गावात, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. संध्याकाळी तिथून बंदराकडे निघताना मुलगी दारात उभी होती. सातवा महिना लागलेला, पाय सुजलेले.

"बाबा, ह्यांना नेताय तसे घेऊनच या," ती म्हणाली. "मला आता रात्री एकटीला भीती वाटते."

रस्त्यावरच्या माणसाने कोणाला वेळ देऊ नये, हे मुंगीच इतरांना शिकवायचा. पण पोरीचं उतरलेलं तोंड बघून तो म्हणाला, की उजाडायच्या आत आणून सोडतो.

पुढे पायलट गाडी होती, तिच्यात माझा मेहुणा. तारा आणि कमानी बघत तो पुढे जायचा. तिघांच्या सेटवर एकच चॅनल, म्हणजे एकजण बोलला की तिघांना ऐकू येणार. हे लक्षात ठेवा.

हायवेवर काही झालं नाही. जावई अखंड बोलत होता. मुलगा झाला तर काय नाव ठेवायचं, मुलगी झाली तर काय, आणि जुळी झाली तर एक सासऱ्याकडे कसं पाठवून द्यायचं. गावाच्या अलीकडे एकदा थांबून साखळ्या आवळल्या. थंडी मरणाची होती. जावयाने हातमोजे चढवले, सासऱ्याला उगाच एक सलाम ठोकला आणि चालत मागे गेला. अंधारात त्याची पाठ दिसेनाशी झाली, आणि गाडी पुन्हा हलली.

गाव झोपलेलं. शटर खाली ओढलेली, दिवे एक आड एक चालू. सेटवर काही वेळ कोणीच बोललं नाही. मुंगीला वाटलं, गारठलं असेल पोरगं. मग आवाज आला.

"येऊ द्या मामा."

आवाज जावयाचाच. एवढंच बोलला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा, "येऊ द्या मामा. मोकळं आहे."

मुंगीने मुद्दाम खोडी काढली, की काय जावईबापू, बायकोची आठवण आली का? त्यावर हसू नाही, उलट उत्तर नाही. "येऊ द्या मामा." मुंगीला मनातून बरंच वाटलं. बाप होणार म्हणून शहाणा झाला, असं त्याच्या मनात आलं. आणि सांगत होता तेही किती नेमकं. डावीकडे खांब आहे, थोडं धरा. आता सोडा. इतकं स्वच्छ मागचं कोणी सांगितलेलं मुंगीला आठवत नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्याला टोचत होती. मागच्या खुर्चीवरून कोणी बोललं की आवाजामागे टायरचा घरघराट असतो, वारा असतो. ह्या आवाजामागे काही नव्हतं. बंद खोलीत बसून कोणी कानाशी बोलावं, तसा तो येत होता. सेट नवीन आहे, असेल, म्हणून मुंगीने तो विचार झटकला. माणसाला जे हवं असतं ना, त्यात तो खोट शोधत नाही.

मग तो कोपरा आला.

डावीकडे काटकोनात वळायचं. उजव्या हाताला गोदामाची उंच भिंत. इंजिन डावीकडे वळलं की गर्डरचं शेपूट उजवीकडे झोकांडी घेतं, भिंतीकडे. इथे थांबायचं, उतरायचं, बघायचं आणि तीन झटक्यांत गाडी काढायची, असं ठरलेलं. मुंगीने ब्रेक दाबला. दार उघडायला हात घातला.

"उतरू नका मामा. मी बघतोय. येऊ द्या."

मुंगी थांबला. मेहुणा पुढे वळून उभा होता. पहाट व्हायच्या आत गाव पार करायचं होतं… आणि पोरीला शब्द दिला होता.

"तू खुर्चीवरच आहेस ना?"

"खुर्चीवरच आहे. येऊ द्या."

त्याने क्लच सोडला.

इंजिन वळलं. गर्डर सरकला. हळू… मुंगीच्या चालीने.

"येऊ द्या."

अजून हातभर.

"येऊ द्या… मोकळं आहे… येऊ द्या…"

काहीतरी अडलं. फार नाही. थोडंसं. आणि सुटलं.

मुंगीने ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला, सेट हातात तसाच, खाली उडी मारली आणि गर्डरच्या कडेने धावत सुटला. संपता संपेना ते लोखंड. खुर्ची रिकामी होती. पुढे शेपूट. पुढे भिंत.

आणि मधे जावई.

उभाच होता. पडायला जागा नव्हती. डोळे उघडे होते. सासऱ्याला बघून त्याला नवल वाटल्यासारखं दिसलं.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना… सेटवर… उतर, भिंतीकडून बघ…"

मुंगीने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. नाही म्हणाला. मी नाही रे बोललो, पोरा, मी नाही. ते त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. ओठ मिटले. मग काहीच नाही.

आणि मुंगीच्या हातातला सेट बोलला.

"येऊ द्या मामा. मोकळं आहे."

ओठ मिटलेलेच होते…

मेहुणा धापा टाकत मागे आला. त्याने बघितलं आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला. मग जे विचारलं ते आठवून त्याला अजून घाम फुटतो. त्याने विचारलं, तुमचे सेट बंद पडले का? गावात शिरल्यापासून दोघांपैकी एकही बोलला नाही. मी चार वेळा हाक मारली.

लोक काळ आला होता पण वेळ आली नव्हती म्हणतात. इथे दोन्ही आलं होतं.

पुढचं मी लांबवत नाही. पोलीस आले, क्रेन आली, गर्डर बाजूला घेतला, पोराला गाडीत घालून नेलं. मुंगी त्या गाडीत बसला नाही. पोरीला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते दुसऱ्याने सांगून चालणार नव्हतं. दोन गल्ल्यांचं अंतर. मेहुणा त्याला धरून चालला होता. मुंगी वाटेत एकच बोलला, की तिला कसं सांगू ते सांग. 

दार उघडं होतं. घरात अंधार. मुलगी आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली.

मुंगीने हाक मारली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, बाबा. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."

मुंगी उभा राहिला.

"कोणाचा?"

"असं काय करता? तुम्हीच नाही का बाहेरून हाक मारलीत, दार उघड, आणलाय म्हणून? मी उघडलं तर हे एकटेच. तुम्ही कुठे गेलात?"

मेहुणा तिच्या बाजूने आत गेला. पलंग होता. चादर ताठ. एक चुणी नव्हती. खिडकी बंद. खोलीत कोणी नव्हतं. तो बाहेर आला आणि मुंगीकडे बघून त्याने मान हलवली.

मुंगीने सांगायला तोंड उघडलं. 

मुलगीच बोलत होती, हळू आवाजात, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून. "किती गार पडलेत हो हात त्यांचे. काही बोलले नाहीत, जेवले नाहीत. फक्त म्हणाले, बघू, लाथा मारतंय का. संध्याकाळपासून नुसता धिंगाणा चालला होता पोटात. ह्यांनी हात ठेवला, बाबा, आणि एकदम शांत झालं. तेव्हापासून हललं नाही."

मुंगी म्हणायचा, बाकी सगळं त्याने सोसलं असतं.

मेहुण्याने दिवा लावला.

तिच्या गाऊनवर, पोटाच्या मधोमध, हात उमटला होता. पाची बोटं. प्रायमरच्या लाल रंगात. गर्डर बोटीत चढण्याआधी कित्येक महिने त्यावरचा रंग वाळलेला होता, आणि जावयाच्या हातांत मोजे होते. मुंगी गुडघ्यावर बसला. त्याने बोट पुढे केलं आणि त्या पंजाला लावलं.

रंग ओला होता.