टेलस्टॉकचे रविवार

"ते उचलू नका, पाठ धरेल. आणि तुमच्या मशीनला बसणारही नाही."

साकीनाक्याच्या भंगाराच्या दुकानात मी एका लोखंडी धुडाशी झटत होते, तेव्हा मागून हे कोणीतरी बोललं. वळून पाहिलं. तेलकट शर्ट, शांत डोळे... मला आधी रागच आला. माझी मशीन यानं कधी पाहिली?

दुकानदाराला मी फोनवर फोटो दाखवत होते, तो यानं पाहिला होता. विपुल त्याचं नाव. घाटकोपरला भटवाडीत घरालाच लागून त्याचं छोटं वर्कशॉप.

लाकूड कातायची ती जुनी लेथ मी हौसेनं घेतली. विकणाऱ्यानं मोटर फिरवून दाखवली, मी खूश. लाकडाचं दुसरं टोक धरून ठेवतो तो टेलस्टॉक तिला नाहीच, हे घरी आणल्यावर कळलं. नवशिक्याची अक्कल, दुसरं काय! विक्रोळीला मी राहते शकुआत्याकडे. तिची गॅलरी अडली. दसऱ्यापर्यंत चालू कर, नाहीतर भंगारवाल्याला देते, असं तिनं बजावलं, आणि आत्या बोलते ते करते. पण आई गेल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी मनापासून हवंसं वाटलं होतं. ते जाऊ द्यायचं नव्हतं.

मग त्याच्या मदतीनं टेलस्टॉक शोधत रविवारमागून रविवार आम्ही दोघं हिंडलो. कुर्ला, कांदिवली, कुठं कुठं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंही नाही. माझ्या गालाला ग्रीस लागलं की तो नुसता स्वतःचा गाल दाखवायचा, हात कधी लावला नाही. मी मुद्दाम दुसराच गाल पुसायचे...

"मिळालाच नाही तर?" मी एकदा विचारलं.

"तर पुढचा रविवार," तो म्हणाला आणि भलतीकडे बघायला लागला.

खंडेनवमीला मात्र माझा धीर सुटला. उद्या दसरा. काहीतरी जुगाड करून दे म्हणायला मी पहिल्यांदाच भटवाडीत पोचले. आज हत्यार उचलायचं नसतं, हे डोक्यातच नव्हतं. पाने-पकडी, पटाशा पाटावर मांडलेल्या, हळदकुंकू वाहिलेल्या. आणि कोपऱ्यात झेंडूच्या माळेखाली एक लेथ. माझ्या मशीनची सख्खी बहीणच. टेलस्टॉकसकट.

माझं डोकंच फिरलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा. मला खुळ्यासारखं हिंडवलंस, विपुल?"

तो खाली बघत सांगायला लागला. ती त्याच्या बाबांची मशीन. मोटर जळली आणि त्याच वर्षी ते गेले. तेव्हापासून वर्षातून एकदा पूजा, एरवी तिला कुणी हात लावत नाही.

"आधी सांगायचा धीर नव्हता," तो म्हणाला. "नंतर... सांगायचंच नव्हतं. टेलस्टॉक मिळाला असता तर तू आली नसतीस, नेत्रा. आणि मला तू हवी आहेस."

माझा राग लगेच गेला नाही, खोटं कशाला बोलू. पण डोळे भरून आले.

"आईशी बोललोय. उद्या पूजा उतरली की खोलतो. घेऊन जा."

मी मशीनजवळ गेले. टेलस्टॉक काढला की ही नुसतं भंगार होणार होती. त्याच्या बाबांचं भंगार. तो टेलस्टॉक आत्याच्या गॅलरीत नेऊन मी काय सुखानं लाकूड कातणार होते?

"खोलायचं नाही," मी म्हणाले. "माझी मोटर हिला बसव. बाकीचं जाऊ दे भंगारात."

"मग तू कातणार कुठं?"

"इथं. ऑफिस सुटलं की, रोज... चालेल तुला?"

तो आतल्या दारापाशी गेला आणि आईला हाक मारून म्हणाला, "आई, उद्या बाबांची मशीन चालू करायची आहे." थोडा थांबला. मग मलाही ऐकू यावं अशा आवाजात म्हणाला, "नेत्रा चालवणार आहे."