एकशे बारा फूट

आमच्या काउंटीत सगळ्यात उंच वस्तू म्हणजे सोसायटीचं धान्याचं कोठार, आणि त्याखालोखाल काउंटी बोर्डाचा अध्यक्ष गॉर्डन पेलान याचं नाक. बाकी सगळा मुलूख पोळपाटासारखा सपाट. त्यामुळे नव्या यंत्रणेचा माणूस राजधानीतून, लिंकनहून, आला आणि सांगू लागला, की यापुढे मदतीसाठी नऊ-एक-एकला फोन करणारा जमिनीपासून किती उंचीवर आहे तेसुद्धा पडद्यावर दिसेल, तेव्हा मी त्याला विचारलं, "म्हणजे मका गुडघ्याला लागलाय की खांद्याला, ते कळेल का?" तो हसला नाही. मोठ्या शहरांत उंच इमारतींमधली माणसं वेळेवर सापडत नाहीत म्हणून सरकारने नियम केला होता, आणि नियम म्हटला की तो नेब्रास्कातल्या गायींनाही लागू.

कोर्टाच्या तळघरात आमची खोली. संकटात सापडलेला माणूस फोन करतो, मी उचलते, आणि पोलीस, अॅम्ब्युलन्स किंवा आगीचा बंब पाठवते. पाळीला एकच माणूस असतो. बदली आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग घर जळो नाहीतर आई मरो. माझी आई गेली तेव्हा मी खुर्चीतच होते. त्या खुर्चीत माझे केस पांढरे झाले.

सरकारला आमच्यासारख्या बारक्या खोल्या नकोच होत्या. त्या बंद करून सगळे फोन शहरातल्या मोठ्या केंद्रात न्यायचे, असं धोरण होतं. ज्यांना टिकायचं त्यांनी नवी यंत्रणा घ्यावी, नियम पाळावेत, तपासणीत पास व्हावं, मग पैसे. पेलानने राजधानीत खेटे घालून ते पैसे मंजूर करून आणले, हे मान्य करायला हवं. आल्यावर तो गावभर असा फिरला, जसं काही त्याने ते स्वतःच्या खिशातून काढले होते.

पहिला फोन आला शरद ऋतूत, भर दुपारी. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "बोला, काय झालंय?" पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता वारा. पडद्यावर ठिपका उमटला शिमेक कुटुंबाच्या कुरणाच्या मधोमध, जिथे घर नाही, खांब नाही, झाडसुद्धा नाही. उंची, एकशे बारा फूट.

मुक्या फोनलाही माणूस पाठवायचा, असा आमचा नियम. माझा धाकटा भाऊ एमिल गावच्या बंबावर स्वयंसेवक होता आणि त्याचं शेत कुरणाला लागूनच. मी रेडिओवर त्याला गाठलं.

"शिमेकांच्या कुरणात जा. फोन आलाय. एकशे बारा फुटांवरून."

"कोण आहे, येशू?"

"असला तर विचारून घे, कायमचा आलाय की नुसता फेरफटका."

तो गेला. फोन तोवर चालूच होता. गाडीतून उतरून त्याने कळवलं, "गायी आहेत. वासरं आहेत. पण मिला, यातलं एकही उडत नाहीये गं." मला हसू आवरेना, त्यालाही आवरेना. तेवढ्यात फोन तुटला.

दुसऱ्या खेपेला वाऱ्यामागे श्वास होता. आत घेतलेला ऐकू येई, बाहेर सोडलेला ऐकू येईना. त्यानंतरच्या खेपेला धातूवर धातू आपटल्याचा आवाज, थांबून थांबून, जसं कुणी कडी वाजवतंय पण जोर संपलाय. जागा तीच. उंची तीच. दर वेळी एमिल गेला, दर वेळी गायींनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागल्या.

मग एका दुपारी उजव्या कानात, रेडिओवर, एमिल ओरडला, "कुणी आहे का?" आणि डाव्या कानात, त्या फोनवर, तेच शब्द ऐकू आले. खालून. लांबून. वाऱ्यासोबत.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा घातला. फोनवरचा माणूस रडत होता.

लिंकनचा माणूस आला, वायर बदलून गेला. म्हणाला, प्रतिध्वनी आहे. सपाट कुरणात प्रतिध्वनी कशावर आपटून येतो, ते त्याने सांगितलं नाही.

हिमवर्षाव सुरू व्हायच्या सुमाराला त्या आवाजाला शब्द फुटले. घसा कोरडा पडलेला, ओळखू न येणारा. "वर बघ," तो म्हणत होता. "अरे, वर बघ. वर बघ ना."

मी एमिलला तसंच सांगितलं.

"बघतोय," एमिल म्हणाला. "आभाळ आहे."

"नीट बघ."

"अगं बाई, आभाळ नीट बघितलं तरी आभाळच असतं."

फोनवर एक किंकाळी आली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, दोन्ही कानांत. एमिल निघाला होता.

आता सरकारी डोकं कसं चालतं ते बघा. पैशांतून एक टॉवर उभारायचा होता. त्याच्यावर बंबाचा आणि पोलिसांचा रेडिओ बसणार होता, आणि मोबाइल कंपनीची यंत्रंही. कुठे उभारायचा? तर धोरणात लिहिलेलं, जिथले फोन सगळ्यात जास्त तुटतात तिथे. नकाशा काढला. सगळे लाल ठिपके एकावर एक, शिमेकांच्या कुरणात.

मी बोर्डाच्या बैठकीला गेले. "तिथे माणूस राहत नाही," म्हटलं. "ते फोन खरे नाहीत. नदीकाठच्या वस्तीवर टॉवर लावा, तिथे खरोखरच कुणाला फोन लागत नाही."

"खरे नाहीत, मग उचललेस कशाला?" पेलान म्हणाला.

"वाजतात म्हणून."

"वाजतात, तुटतात, नियमात बसतात. मिला, तुला टॉवर हवाय की भुतांची चौकशी समिती?" बोर्ड हसलं. ठराव पास झाला. आठवड्याच्या आत कुरणात केशरी झेंड्या रोवल्या गेल्या.

झेंड्या लागल्यावर एकदाच फोन आला. तोपर्यंत माझ्या एक लक्षात आलं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आजारी माणूस हळूहळू बरा व्हावा तसा तो आवाज दर खेपेला सुधारत होता. आणि त्या दिवशी तो ठणठणीत होता.

"मिला, मीच आहे गं," तो म्हणाला. "टॉवरवर अडकलोय. पाय घसरला, सुरक्षेच्या पट्ट्यावर लोंबकळतोय आणि शिडी हाताला लागत नाहीये. शिडीवाला बंब पाठव. फार घाई नाही, पण पाठव."

मी मान वर केली. खोलीच्या दारात एमिल उभा होता. काखेत टोपी, हातात जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, कोलाचींचा, डबा, बुटांवर बर्फ.

"काय गं? असा चेहरा का केलास?"

मी हेडफोन त्याच्या कानाला लावला. त्याने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन परत दिला, डबा टेबलावर ठेवला.

"नक्कल बरी करतोय," तो म्हणाला.

"त्या टॉवरवर चढणार नाहीस, असं म्हण."

"मी कशाला चढतोय? मी काय माकड आहे?"

"एमिल, पूर्वी पाण्याच्या टाक्या रंगवायचास तू. उद्या कुणी सांगितलं तर तू चढशील. म्हण, चढणार नाही. आईची शपथ घे."

त्याने शपथ घेतली. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही, आणि कोलाची दोघांनीही खाल्ली नाही.

वसंतात टॉवर उभा राहिला. मी उभारणाऱ्यांना विचारलं, एकशे बारा फुटांवर काय आहे? एकाने बोटाने दाखवलं. पायऱ्यांची शिडी तिथे संपते आणि दुसऱ्या बाजूला सुरू होते. चढताना सोपं, म्हणाला, उतरताना जरा सांभाळावं लागतं.

त्यानंतर फोन बंद झाले. एकदम. पेलानने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "बघितलंस? टॉवर आला, फोन तुटायचे थांबले." राजधानीतून कौतुक आलं. मी एमिलकडे मात्र नजर ठेवून होते. तो टॉवरच्या वाटेनेही जात नव्हता. उन्हाळा लागला तशी मलाच माझी लाज वाटायला लागली.

तपासणीच्या आदल्या दिवशी टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा गेला. विमानांसाठी असतो तो. दिवा नाही तर पास नाही, पास नाही तर उरलेले पैसे नाहीत, आणि मग आमची खोली बंद. ठेकेदाराने पुढच्या महिन्यातली तारीख दिली. हे सगळं मला नंतर कळलं. पेलानने मला विचारलंच नाही. त्याने एमिलला विचारलं, आणि असं विचारलं, "बहिणीची नोकरी घालवायची आहे का?"

दुपारी बॉनीचा, एमिलच्या बायकोचा, फोन आला. ती ओमाहाला दवाखान्यात काम करते. "मिला, तो टॉवरवर गेलाय. तुला सांगू नको म्हणाला होता, पण मला राहवेना. सकाळीच गेलाय."

बंबावरची सगळी माणसं आणि शेरिफचा डेप्युटी वेस काउंटीच्या दुसऱ्या टोकाला होते. गुरांचा ट्रक उलटला होता, ड्रायव्हर खाली दबला होता. मी वेसला रेडिओवर सांगितलं. "याला बाहेर काढलं की लगेच निघतो," तो म्हणाला. पेलानला फोन केला. त्याच्या सेक्रेटरीने सांगितलं, साहेब तपासणीवाल्यांच्या उद्याच्या जेवणाचं बघतायत.

खुर्ची सोडता येत नव्हती.

मी एमिलचा नंबर फिरवला. एंगेज.

पुन्हा फिरवला. एंगेज.

आणि मला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. एंगेज म्हणजे तो कुणाशी तरी बोलतोय. बोलतोय म्हणजे जिवंत आहे. बोलघेवडा मेला, खाली उतरून कुणाला तरी पराक्रम सांगत असेल. शिवाय अडकला असता तर त्याने मलाच फोन केला असता. आणि माझा फोन गप्प होता. मी त्याच्याकडे बघत बसले होते. बॉनीच्या फोननंतर अख्खी दुपार तो एकदाही वाजला नाही. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते.

थोड्या थोड्या वेळाने फिरवत राहिले. एंगेज, एंगेज, एंगेज. दर वेळी धीर वाढत गेला. वेसने रेडिओवर विचारलं, निघू का आता, तर मी म्हटलं, "ड्रायव्हरचं नीट होऊ दे आधी. एमिल फोनवर बोलतोय. फार घाई नाही."

हे शब्द तोंडातून गेल्यावर मला ते कुठे ऐकलेत ते आठवलं.

"वेस," मी म्हटलं. "आत्ता. आत्ता नीघ."

मग रेडिओ बराच वेळ शांत राहिला.

वेस स्वतःच तळघरात आला. रेडिओवर सांगितलं नाही, तेव्हाच मला कळलं. त्याने टोपी काढली होती, आणि हाताच्या तळव्यांना टॉवरचं ग्रीस लागलं होतं.

"दिवा लावून उतरत होता," तो म्हणाला. "शिडी बदलतात तिथे पाय सुटला. पट्ट्याने धरलं, पण पाय खाली लोंबकळत राहिले. असं राहिलं की रक्त पायांत उतरतं. डॉक्टर म्हणतो, बराच वेळ शुद्धीवर असणार. कडी आपटून आपटून हाताची सालं निघालीयत."

"फोन नव्हता त्याच्याकडे?"

"होता. हातातच होता. चालू." वेस माझ्याकडे बघत नव्हता. "इथेच लावला होता त्याने. नऊ-एक-एकला. सिग्नल पूर्ण होता, टॉवरवरच तर होता तो."

"इथे नाही आला. वेस, देवाशपथ, एकदाही वाजला नाही."

"मी वर चढल्यावर फोन त्याच्या हातातून काढून कानाला लावला. पलीकडे लाइन चालू होती. तू होतीस."

"मी इथे होते. गप्प बसले होते. तुझीच वाट बघत होते."

"आवाज तुझाच होता, मिला."

"काय म्हणत होते मी?"

वेसने टोपी दोन्ही हातांनी फिरवली.

"हसत होतीस," तो म्हणाला. "तू आणि एमिल. गायी उडत नाहीत म्हणून."