लाल पट्टीच्या दाराआड

"ट्रक भरून उभा आहे आणि माझा मुलगा सापडत नाही," ती बाई दारातच म्हणाली आणि भाऊजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

भाऊजी लगेच चपला शोधू लागले. त्यांचा स्वभावच तसा, आधी पळायचं आणि कुठे ते मग विचारायचं. वहिनींनी मात्र बाईंना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मुलाचं वय विचारलं.

"गेला तेव्हा एकोणीस," बाई म्हणाल्या. "आता आवाजच उरलाय त्याचा. तोच सकाळपासून नाही."

भाऊजींनी चपला पुन्हा काढून ठेवल्या.

वहिनींनी उभा जन्म विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर गल्लीतली माणसं आपापली भानगड घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते सोबत जायचे आणि चुकीचा निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढून मोकळे व्हायचे.

बाई शिवणकाम करायच्या, नवरा घड्याळजी. मुलगा अपघातात गेला, त्याचा बटणांचा जुना फोन मागे राहिला. त्यात त्याने आईसाठी बोलून ठेवलेले निरोप होते. फोनची बॅटरी फुगलेली होती. एकदा बंद पडला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून तो रात्रंदिवस चार्जरला लावलेला असे. दुकानात नेऊन आवाज दुसरीकडे उतरवून घेऊ, असं नवऱ्याने कितीदा तरी सुचवलं होतं. पण दुकानदाराच्या हातून पुसला गेला तर, या धास्तीने बाईंनी तो कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. रोज संध्याकाळी त्या निरोप ऐकायच्या.

"कालही ऐकलात?" वहिनींनी विचारलं.

काल राहून गेलं होतं. दुपारी त्या शेवटचे शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना पोचवायला गेल्या होत्या. संध्याकाळी नवरा त्यांना त्यांच्या बहिणीकडे जेवायला घेऊन गेला. खरं तर त्याचं आणि मेहुणीचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, पण गाव सोडताना राग कशाला ठेवायचा, असं तोच म्हणाला.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात त्याला नोकरी लागली होती. घर विकून झालं होतं आणि नवा मालक संध्याकाळी किल्ल्या घ्यायला येणार होता. बाई मात्र फोनशिवाय गाडीत पाय ठेवायला तयार नव्हत्या. त्यांनी सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन करून चोरीचा आरोप केला होता, आणि कंपनीने मुकादमाला सांगितलं होतं की फोन सापडला नाही तर उद्यापासून तू आणि तुझी माणसं घरी बसा.

घर जवळच होतं. अंगणात चढवायची राहिलेली थोडी खोकी होती. घाईने चालून दमलेले भाऊजी त्यातल्या एका खोक्यावर टेकले, तोच मुकादम ओरडला. भाऊजींनी उठून पाहिलं तर जिथे बसले होते तिथेच 'स्वयंपाकघर, काच' असं लिहिलेलं. ते ओशाळून बाजूला झाले.

दिवाणखाना रिकामा व्हायला आला होता. भिंतीलगत खोक्यांची रास होती आणि प्रत्येक खोक्याच्या उभ्या बाजूवर त्यातल्या सामानाचं नाव होतं. नावं सगळी बाहेरच्या बाजूला, एका ओळीत दिसत होती. जेवणाचं टेबल पाय सोडवून गुंडाळलेलं होतं. त्याला चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पुडीत त्याचे बोल्ट होते. वहिनींनी पुडी उजेडात धरली. बोटभर लांबीच्या बोल्टांमध्ये तिळाएवढा एक स्क्रू होता.

"हा टेबलाचा?"

मुकादम म्हणाला, "टेबल उचललं तेव्हा खाली पडलेला होता. ज्या सामानाखाली जो स्क्रू मिळेल तो त्याच्याच पुडीत टाकायचा, हा आमचा नियम. टाकून दिला की नेमका तोच लागतो."

चोरीचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. त्याने वहिनींना न्हाणीघराच्या दारावरची लाल चिकटपट्टी दाखवली. घरची माणसं जे स्वतःसोबत नेणार ते सगळं आधी न्हाणीघरात ठेवायला सांगायचं, कारण तिथे बांधण्यासारखं काही नसतं. "एकदा पट्टी लागली की ते दार आमच्यासाठी भिंत असते, ताई. आमचा पोरगाही आत हात धुवायला जात नाही."

आत दागिन्यांची पिशवी, औषधं आणि पाण्याच्या बाटल्या जागच्या जागी होत्या. आरशाशेजारी चार्जर लोंबत होता. वहिनींनी तो काढून तिथे स्वतःच्या फोनचा चार्जर लावला. फोन चार्ज होऊ लागला.

"इथे फोन कोणी आणून लावला?"

"यांनीच," बाई म्हणाल्या. "मी लावते म्हटलं, तर म्हणाले तू बाकीचं बघ."

मग वहिनींनी घरच्यांना एकेक करून विचारलं. घड्याळजीची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, मदतीला आली होती. ती सकाळपासून स्वयंपाकघरात प्रवासाची शिदोरी करत होती, आणि तिथून न्हाणीघराचं दार समोरच दिसायचं. कामगारांपैकी कोणी आत गेलं नाही, घरची माणसं तेवढी जात-येत होती, असं तिने सांगितलं. वर तिने हेही ऐकवलं की तो फोन केव्हाच विहिरीत टाकायला हवा होता, त्याच्या पायी भावाच्या संसाराचं मातेरं झालं. भाऊजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. त्यांच्या मनात निकाल लागला होता.

बाईंची धाकटी मुलगी कॉलेजात जाणारी होती. ती खाली बघत बोलली. "आई दादाचं ऐकते. माझं ऐकायला तिला वेळ नसतो. पण मी नाही घेतला."

"शेवटचा कधी पाहिलास?"

"तोंड धुवायला गेले तेव्हा. चार्जरला लावलेला होता, पण चार्ज होताना लागतो तो लाल ठिपका दिसत नव्हता. मला वाटलं वीज गेली."

वहिनींनी मुकादमाला विचारलं. वीज गेलीच नव्हती. पलंग सोडवायला त्याच्या माणसांचा विजेचा स्क्रूड्रायव्हर सकाळपासून फिरत होता.

घड्याळजी खिडकीत बसला होता. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. गेलं ते गेलं, आता ट्रक सोडा, उशीर होतोय, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

वहिनींनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. बसायला काही उरलं नव्हतं, खिडकीतल्या घड्याळजीखेरीज सगळे उभेच राहिले. भाऊजींनी कानात आत्याचं नाव सांगून पाहिलं. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"दागिने तसेच ठेवून कोणी जुनाट फोन चोरत नाही," त्यांनी सुरुवात केली. "आणि बाहेरचा माणूस आत गेलेलाच नाही. म्हणजे फोन घरातल्याने घेतला. आता घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की चार्जरशिवाय तो जगत नाही. रागाने लपवणारा, मत्सराने लपवणारा, कोणीही असो, दोन दिवसांनी परत द्यायचा म्हणून लपवला असता तर त्याने चार्जरही नेला असता. तो मागे राहिला, कारण त्याची गरज संपली होती."

बाईंनी भिंतीला हात टेकला.

"वीज होती, सॉकेट चालू होतं, तरी ठिपका नव्हता. फोन न्हाणीघरात आणला तेव्हाच तो बंद पडलेला होता. बाईंनी स्वतः लावला असता तर त्यांना ते तिथेच दिसलं असतं. म्हणून त्यांना लावू दिला नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी तो ऐकायला घेऊ नये, म्हणून वर्षानुवर्षांचं भांडण मिटवून त्यांना जेवायला नेण्यात आलं. आणि दुपारी त्या कपडे पोचवायला गेल्या, तेव्हा जेवणाच्या टेबलावर कोणीतरी फोन उघडला. त्याचा एक स्क्रू खाली पडला. या घरात एवढ्याशा स्क्रूला कोणाचा हात लागतो, ते मी सांगायला नको."

घड्याळजी खिडकीतून उठला नाही.

"भाऊजी, तुम्ही बसला होतात ते खोकं आणा."

भाऊजी गोंधळले. वहिनींनी समजावलं, "मुकादमाची माणसं नाव उभ्या बाजूवर लिहितात. खोकी एकावर एक रचली की वर लिहिलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र बसला होतात तिथेच नाव वाचलंत. ते खोकं सामान हलवणाऱ्याने बांधलेलं नाही."

खोक्यात बरण्या होत्या. बरण्यांच्या मध्ये, घड्याळं पुसायच्या पिवळ्या मऊ फडक्यात, फोन होता. त्याची मागची बाजू काळी पडली होती.

"अख्ख्या दिवसाचा प्रवास," घड्याळजी फोनकडे न बघता म्हणाला. "वाटेत बंद पडला असता. म्हटलं, नवी बॅटरी घालू. आयुष्यभर याहून बारीक कामं केलीत मी. तार कुठे टेकली कळलंच नाही. नुसता धूर आला."

"मग सांगायचं होतं मला," बाई म्हणाल्या.

"चोरीला गेला असता तर कुठेतरी आहे असं तुला वाटत राहिलं असतं. कधीतरी मिळेल असं वाटलं असतं. जळाला म्हटल्यावर काय उरतं?" तो थांबला. "फेकून द्यायलाही हात धजला नाही."

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. "शहरात कोणी दुरुस्त करील?"

वहिनींनी फोन उलटसुलट करून पाहिला. खोटं बोलणाऱ्यांत जन्म काढला तरी वहिनींना स्वतःला ते जमत नाही, याचं भाऊजींना त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

मुकादम बाहेर गेला. त्याची नोकरी वाचली होती, पण त्याने कोणाला हसून दाखवलं नाही. त्याची माणसं मुकाट्याने उरलेली खोकी चढवू लागली.

"वहिनी, नसतं सांगितलं तर?" भाऊजी कुजबुजले.

"तर त्या माणसांच्या चुली विझल्या असत्या. दुसरं काही हातात होतं का माझ्या?" वहिनींचा आवाज कोरडा होता. त्यांनी फोन पुन्हा पिवळ्या फडक्यात गुंडाळून बाईंच्या हातात ठेवला.

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"मला पाठ आहे, आई," ती म्हणाली. "रोज दाराबाहेरून ऐकायचे मी. 'आई, मी पोचलो. तू जेवून घे, माझी वाट बघू नकोस.'"

तिने भावासारखंच म्हणायचा प्रयत्न केला होता. बाईंनी मान हलवली.

"तसं नाही. 'आई' म्हटल्यावर तो जरा थांबायचा."

मुलीने पुन्हा म्हटलं, या वेळी थांबून.

"तसंही नाही. थांब, मी सांगते." बाईंनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि तशाच बसून राहिल्या. त्यांनी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा आवाज त्यांचा स्वतःचाच निघाला.

"सकाळी येत होतं मला, त्याच्यासारखं," त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. "अहो, तुम्हाला येतंय का?"

घड्याळजीने नाही म्हणून मान हलवली. बाहेर ट्रकचं मागचं दार लागलं, आणि किल्ल्या घ्यायला आलेला नवा मालक दारात येऊन, आत यावं की नाही ते न कळून, तिथेच उभा राहिला.