अंजनद्वीपचा पाहुणा

बिंदुमाधवराव काखेत पुस्तक मारून इस्पितळात निघाले ते नेहमीसारखेच मजेत. साल बासष्ट. वसुमतीबाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. टाका तुटला तर डोळा गेला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि सोबतीला कोण? तर स्वतःच्या लग्नात भटजींच्या पळीला मध फासून ठेवणारा नवरा!

वसुमतीबाई 'अंजनद्वीप'च्या वेड्या. पाच जाडजूड भागांची कादंबरी; त्या बेटावरच्या घोड्यांचीसुद्धा नावं त्यांना पाठ. आता त्याच लेखकानं जोडीला एक पुस्तक काढलं होतं: अंजनद्वीपातल्या आज्या नातवंडांना सांगतात त्या गोष्टी. बाई गप्प पडून राहत होत्या त्या केवळ त्याच्या आशेवर.

वॉर्डात पडदे ओढलेले. फिनेलचा वास. भर दुपारी दिवेलागणीचा अंधार. बाकीच्या खाटा रिकाम्या.

बिंदुमाधवराव चौथीपर्यंत शिकलेले. वाचताना जोडाक्षर आलं की ते गटार ओलांडावं तसे उडी मारत.

"राजाचं नाव प्रद्योत, पदोत नव्हे," बाई पुटपुटल्या.

"पट्टी बांधली तरी मास्तरीणच! बरं, हे ऐक. त्या बेटावर गोष्ट सांगताना एक आसन जास्तीचं मांडतात. न दिसणाऱ्या ऐकणाऱ्यासाठी. आणि गोष्ट अर्धी सोडत नाहीत. सोडली, तर तो उरलेली ऐकायला मागोमाग घरी येतो."

"मग मांडा ना."

त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल खर्रर्र ओढलं. "या महाराज, बसा. स्वल्प कॉफी चालेल?"

"अण्णा, हसवू नका त्यांना!" दारातून नर्स राजलक्ष्मी ओरडली आणि स्वतःच हसत गेली.

गोष्ट रंगली. राजाच्या मिशीत बेडूक राहायला येतो. राजा हुकूम सोडतो, बेडूक ओरडतो, आणि प्रजा बेडकाचंच ऐकते. शेवटी राजा न्हाव्याला बोलावतो. न्हावी वस्तरा उचलतो...

"उरलेलं उद्या!" बिंदुमाधवरावांनी पुस्तक फटकन मिटलं.

"अहो! मेली तुमची खोड!"

ते खिदळत कॉफी प्यायला गेले. परत आले तेव्हा बाई ताठ पडल्या होत्या, श्वास जोरात चाललेला. स्टूल मघापेक्षा उशाशी सरकलेलं. राजलक्ष्मीनं सरकवलं असेल, ते म्हणाले. मनातल्या मनात.

पुढचे दिवस बाईंनी बोटसुद्धा हलवलं नाही, गोष्टही मागितली नाही. पट्टी सुटली. डॉक्टर खूश, डोळा लख्ख.

बसवनगुडीच्या घरी पहिल्याच सकाळी बाई म्हणाल्या, "तुमचे उपकार झाले हो."

"माझे?"

"त्या दिवशी तुम्ही कॉफीला गेलात असं वाटलं. अंधाराला कंटाळून मी उठायलाच निघाले होते. तर तुम्ही कानाशी तो घोगरा आवाज काढलात. 'हलू नका. गोष्ट राहिलीय.' मी घाबरून पडूनच राहिले. एरवी डोळा गेलाच असता."

बिंदुमाधवरावांनी आजवर न केलेल्या खोड्याही अभिमानानं कबूल केल्या होत्या. ही मात्र त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.

"मी... खाली होतो गं."

मग बाईंनी उठून भिंतीला टेकवलेला पाट घेतला, आपल्या दोघांच्या पाटांशेजारी मांडला. "वाचा. ज्यानं डोळा राखला त्याला अर्ध्यावर ठेवू नये."

"वसू, थट्टा करतेस ना?"

पण वसुमतीबाईंनी जन्मात कुणाची थट्टा केली नव्हती.

बिंदुमाधवरावांनी पान उघडलं. न्हाव्यानं वस्तरा उचलला. बेडूक टुणकन न्हाव्याच्या पागोट्यात. आता न्हावी बोलतो आणि राजा मुकाट्यानं दाढी करून घेतो. बाई खुदकन हसल्या. आता हसायला हरकत नव्हती. बिंदुमाधवरावांनाही धीर आला.

"संपली बरं का, महाराज!"

बाईंनी नवा चष्मा पुसला, डोळ्यांना लावला, आणि पाटाकडे नीट पाहिलं.

"अहो, दुसरी घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "आणि जरा मोठ्यानं वाचा. ते पुढे वाकलेत."

दुसरी गोष्ट बिंदुमाधवरावांनी एकही जोडाक्षर न चुकता वाचली.